जपानी जेवणात फुंकून हाताने घडवलेली काचेची भांडी कधी वापरतात? आणि पहिल्यांदा कोणती घ्यावीत?

मुख्यतः उन्हाळ्यात. जपानी घरांत ऋतूप्रमाणे भांडीही बदलतात. गरम भात आणि मिसो सूपसाठी चिनी मातीचे नि लाखेचे वाडगेच, पण गार सोमेन (गव्हाच्या बारीक) शेवया, थंड तोफू (सोयाचं पनीर), साशिमी (कच्च्या माशाचे काप) आणि थंड साके (तांदळाचं मद्य) यांना काच शोभते. ही काच साधी असते, उष्णता सोसणारी बोरोसिलिकेट नव्हे. उकळतं सूप ओतलंत तर तडकू शकते.

माझी पहिली शिफारस जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावरच्या र्‍युक्यू काचेची. दुसऱ्या महायुद्धात बेट बेचिराख झालं. साहित्य मिळेना, तेव्हा तिथल्या कारागिरांनी अमेरिकी लष्करी तळांवरून फेकलेल्या कोला आणि बिअरच्या बाटल्या वितळवून पेले फुंकले. भंगार काचेत बुडबुडे राहायचे, भिंत जाड व्हायची. एरवी दोष मानलं जाणारं हेच पुढे तिचं रूप ठरलं, आणि १९९८ मध्ये ओकिनावा प्रांताने तिला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. मला तिचा समुद्री निळा-हिरवा रंग फार आवडतो.

दुसरा पर्याय उत्तर जपानमधल्या आओमोरीचा त्सुगारू विदोरो (विदोरो म्हणजे काच). मासेमारीच्या जाळ्यांचे काचेचे तरंगते गोळे फुंकणाऱ्यांचं हे कसब. प्लास्टिक आल्यावर ते भांड्यांकडे वळलं.

पूर्ण सेट घेऊ नका. जपानी पानात सगळी भांडी एकसारखी नसतातच. दोन लहान खोलगट वाट्या आणि सोमेनच्या सॉससाठी एक पेला पुरे. घेताना तळ बघा: घडवताना तिथे चिकटवलेली दांडी तोडल्याची खूण घासून गुळगुळीत केलेली हवी, नाहीतर टेबलावर ओरखडे पडतात.