खारपाणपट्ट्यातल्या बाटल्या आणि एम.एस्सी. झालेली मुलगी

(दर्यापूर तालुक्यातील एका शेतकरी पालकांनी लिहिले आहे की, त्यांच्या मुलीने मृदशास्त्र व कृषी रसायनशास्त्र या विषयात एम.एस्सी. पूर्ण केले असून खारपाणपट्ट्यातील (पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यातील) विहिरींचे पाणी आणि शेती यांचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यापीठीय संशोधन गटाने तिला दोन वर्षांसाठी प्रकल्प सहयोगी म्हणून बोलावले आहे. त्याच सुमारास एका खत कंपनीत विक्री प्रतिनिधीची जागाही मिळत आहे आणि नातेवाईक लोकसेवा आयोगाचा आग्रह धरत आहेत. पालकांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत असा आहे : “एवढं शिकून पोरीनं गावोगावच्या बाटल्याच भरायच्या, तर शिकवलं कायले?” अशा गटात कोण कोण असते, असेही त्यांनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी मुलीने दोन ओळी जोडल्या आहेत. गटात भूगर्भशास्त्राची आणि अभियांत्रिकीची मंडळी अधिक असल्याने आपण तिथे सर्वांत खालच्या ठरू, अशी तिला भीती वाटते. तिच्या आईला फिरतीची काळजी आहे.)

आदरणीय महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रातील बाटलीपासूनच सुरुवात करतो, कारण आपण ज्या कामाला हलके समजला आहात, त्यावरच अशा गटाचे सारे संशोधन उभे असते किंवा कोसळते. बोअरचे पाणी नमुन्यासाठी घेताना ते आधी काही मिनिटे उपसून टाकावे लागते, नाही तर पाइपात साचून राहिलेले पाणीच बाटलीत येते आणि जमिनीखालच्या पाण्याविषयी ते काहीच सांगत नाही. सामू (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, म्हणजेच पीएच), विद्युत वाहकता (जिच्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो) आणि तापमान ही मोजमापे तिथेच, विहिरीच्या काठावर घ्यावी लागतात, कारण प्रवासात पाण्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू चढतो आणि थोडा चुना बाटलीच्या तळाशी बसतो. रासायनिक तपासणीची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळायची असते. जिवाणूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र मुळीच विसळायची नसते. धातूंसाठीच्या नमुन्यात नायट्रिक आम्लाचे थेंब टाकतात, आणि नेमके तेच थेंब चुकून नायट्रेटच्या बाटलीत पडले, तर आपण पाण्यातले नायट्रेट मोजतो की स्वतःच ओतलेले, हे कोणालाही सांगता येत नाही. नायट्रेटचा नमुना बर्फाच्या डब्यात ठेवून 48 तासांच्या आत तपासला जाणे अपेक्षित असते. मे महिन्याच्या उन्हात दिवसाला पंधरा-वीस विहिरी फिरताना हे सर्व भान राखणारी व्यक्ती गटाला हवी असते. प्रयोगशाळेतील लाखो रुपयांचे यंत्र चुकीच्या नमुन्याचेही उत्तर तितक्याच आत्मविश्वासाने देते.

गटात कोण कोण असते, असे आपण विचारले आहे. सर्वांत वर मुख्य संशोधक असतात. बहुधा ते प्राध्यापक असतात. निधीसाठी प्रस्ताव त्यांनी लिहिलेला असतो आणि हिशेबाचे उत्तरदायित्वही त्यांचेच असते. त्यांच्यासोबत इतर विभागांतील एक-दोन सहसंशोधक असतात. त्यानंतर पीएच.डी.चे विद्यार्थी येतात, ज्यांचा प्रबंध या कामातून घडत असतो आणि म्हणून ज्यांना आकडेवारीची सर्वांत जास्त निकड असते. कनिष्ठ व वरिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीधारक हेही बहुतेक वेळा पीएच.डी.चेच विद्यार्थी असतात. प्रकल्प सहयोगी हा प्रकल्पापुरता नेमलेला सदस्य असतो. तो विद्यार्थीही नसतो आणि कायम कर्मचारीही नसतो, आणि आपल्या मुलीच्या बाबतीतला सारा घोळ या मधल्या स्थितीमुळेच झाला आहे. याखेरीज प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ आणि गावातला क्षेत्र सहायक असतो. हे दोघे शोधनिबंधावर क्वचितच दिसतात, पण कोणत्या शेतकऱ्याकडे किती वाजता गेल्यास तो भेटेल आणि कोणते यंत्र कोणत्या दिवशी रुसेल, हे त्यांनाच ठाऊक असते. आपल्या मुलीने गटात गेल्यावर पहिली ओळख या दोघांशी करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आता तिच्या भीतीविषयी. पूर्णेच्या खोऱ्यातील जाड गाळाखाली खारे पाणी कुठे आहे, ते किती खोल आहे आणि कोणत्या दिशेने सरकते, हे भूजलतज्ज्ञ सांगेल. नकाशे करणारा अभियंता ते रंगवून दाखवील. पण ते पाणी शेतात दिल्यावर जमिनीचे काय होईल, हे त्या दोघांपैकी कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही; तो प्रश्न मृदशास्त्राचा आहे. एक उदाहरण घेतो. समजा, एका विहिरीच्या पाण्यात दर लिटरला सोडियम 12, कॅल्शियम 2 आणि मॅग्नेशियम 2.5 मिलिइक्विव्हॅलंट (क्षार त्यांच्या विद्युतभारानुसार मोजण्याचे एकक) निघाले, तर सोडियम शोषण गुणोत्तर, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती आहे ते सांगणारा आकडा, 8 येतो. अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेने 1954 मध्ये दिलेल्या आणि आजही सर्रास वापरल्या जाणाऱ्या वर्गवारीत 10 पर्यंतचे गुणोत्तर कमी धोक्याचे मानले जाते, म्हणजे केवळ तेवढे पाहणारा माणूस हे पाणी चालेल असे म्हणून मोकळा होईल. पण याच पाण्यात कार्बोनेट व बायकार्बोनेट मिळून 8 असतील, तर त्यातून कॅल्शियम-मॅग्नेशियमचे 4.5 वजा जाऊन शिल्लक सोडियम कार्बोनेट 3.5 उरते, आणि 2.5 च्या वरचे पाणी सिंचनाला अयोग्य समजले जाते. त्यात आपली जमीन भारी काळी, फुगणारी आणि आकसणारी. तिच्यातील चिकणमातीची छिद्रे थोड्याशा सोडियमनेही बुजतात आणि पाणी मुरेनासे होते. जिभेला फारसे खारट न लागणारे पाणी दोन हंगामांत जमीन चोपण (घट्ट, पाणी न मुरणारी) करते, हे आपण स्वतः कुठे ना कुठे पाहिले असेलच. त्यावर जिप्सम किती, कधी आणि कोणत्या खोलीपर्यंत, की ते पाणी देऊच नये आणि शेततळ्यातील पावसाच्या पाण्यावर हरभऱ्याला एखादे संरक्षित ओलित देऊन भागवावे, हा निर्णय ज्या ज्ञानावर घ्यायचा असतो ते आपल्या मुलीने शिकलेले आहे. गटात ती खालची नाही, फक्त वयाने लहान असेल.

तिने आणखी एका गोष्टीत लवकर हात बसवावा, ती म्हणजे आकडे तपासणे. पाण्यातील धन आणि ऋण भारांची बेरीज जवळपास सारखी यावी लागते. फरक पाच-दहा टक्क्यांच्या पुढे गेला, तर कुठेतरी चूक आहे हे ओळखून नमुना पुन्हा तपासावा लागतो. त्याचप्रमाणे पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम ठरवली आहे, पण काही प्रयोगशाळा नायट्रेट न लिहिता त्यातील फक्त नत्र लिहितात आणि त्या हिशेबाने हीच मर्यादा साधारण 10 होते. अहवालात 12 हा आकडा पाहून ‘45 च्या खूप आत आहे’ असे म्हणणारे पदवीधर मी पाहिले आहेत. तो आकडा नत्राचा असेल, तर नायट्रेट 53 च्या आसपास आहे आणि ते पाणी बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला देण्यासारखे नाही. एवढी एक गोष्ट पक्की ठाऊक असलेला कनिष्ठ सदस्य गटाची अब्रू वाचवतो.

तिच्या आईंच्या काळजीला मी किरकोळ समजत नाही. नमुने गोळा करायला कोणीही एकट्याने जाऊ नये. दोघांची जोडी, गटाचे वाहन आणि संध्याकाळपूर्वी परत, हे नियम गटात आहेत का, हे आधी स्पष्ट विचारून घ्यावे, आणि उत्तर ‘तसे काही होत नाही हो’ असे मिळाले तर ते उत्तर नव्हे असे समजावे. मात्र एक दुसरी बाजूही आहे. पाण्याविषयी घरात सर्वांत जास्त माहिती बाईला असते : कोणत्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, कोणत्या पाण्याने साबणाला फेस येत नाही, कोणत्या महिन्यात चव बदलते. पुरुष संशोधकाला ओसरीवर चहा मिळतो. मुलीला स्वयंपाकघरात बोलावले जाते. खारपाणपट्ट्यातच वाढलेली आणि तिथलीच बोली बोलणारी मुलगी या कामात जे ऐकून येईल, ते बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला वर्षभर फिरूनही ऐकायला मिळणार नाही.

पैशांविषयी मोकळेपणाने लिहितो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि वरिष्ठ 42,000 रुपये आहे, आणि घरभाडे भत्ता वेगळा. पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या प्रकल्प सहयोगीला यापेक्षा कमी मिळते. प्रकल्पाचे अनुदान हप्त्यांनी येते, मधला हप्ता अडकला की मानधनही अडकते आणि मग चार महिन्यांचे एकदम हातात पडते. शेतकऱ्याच्या घराला हा प्रकार नवा नाही, पण शहरात खोलीचे भाडे देणाऱ्या मुलीला तो जड जातो. तेव्हा पहिल्या सहा महिन्यांचा खर्च घरून भागवता येईल का, याचा हिशेब आपण कागदावर करावा. खत कंपनीतील पगार नियमित येईल आणि त्या नोकरीत कमीपणा मुळीच नाही. कर्जाचा हप्ता डोक्यावर असेल, तर मी तीच आधी स्वीकारा असे सांगेन. फक्त विक्रीचे उद्दिष्ट गाठण्याच्या धावपळीत दोन-तीन वर्षे गेल्यावर प्रयोगशाळेत परतणे फार थोड्यांना जमते. लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवेचा मार्ग बंद होत नाही, वयोमर्यादेपर्यंत तो खुला आहे. पण त्यासाठी घरी बसून केवळ तयारी करणे हा माझ्या मते तीन पर्यायांतील सर्वांत महागडा पर्याय आहे.

गटाविषयी निर्णय घेताना विषय कोणता आहे यापेक्षा माणसे कशी आहेत हे पाहावे. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याने एका गटात चार वर्षे नमुने आणले, विश्लेषण केले, तक्ते भरले, आणि बाहेर पडला तेव्हा त्याच्या नावावर एकही शोधनिबंध नव्हता, कारण नाव कोणाचे लागेल हे त्याने कधी विचारलेच नव्हते. म्हणून मुलीने मुख्य संशोधकांना नम्रतेने पण थेट विचारावे की, प्रकल्पाची मंजुरी कोणत्या तारखेपर्यंत आहे, तिने गोळा केलेल्या माहितीवरील लेखात तिचे नाव असेल का, याच कामावर पीएच.डी.साठी नोंदणी करता येईल का आणि परीक्षेच्या तयारीला रजा मिळेल का. त्यानंतर गटातील सर्वांत कनिष्ठ सदस्याला गाठून चहा पाजावा आणि आधीचे सहयोगी आज कुठे आहेत, ते विचारावे. वरिष्ठांनी दिलेल्या माहितीपेक्षा या चहातून मिळालेली माहिती मला अधिक विश्वसनीय वाटते. कनिष्ठांकडून घरची कामे करून घेणारे मुख्य संशोधकही असतात. तसे ऐकू आल्यास विषय कितीही जिव्हाळ्याचा असला, तरी त्या गटात जाऊ नये.

पुढे काय, याचे उत्तर या दोन वर्षांचा वापर ती कसा करते यावर आहे. या काळात तिने कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा मृद विज्ञान विषयातून द्यावी आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पीएच.डी. प्रवेश परीक्षेची तयारी ठेवावी. पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाली, तर कृषी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्याची पहिली अट पूर्ण होते. कृषी विज्ञान केंद्रांत मृदशास्त्राचे विषयतज्ज्ञ लागतात, माती व पाणी तपासणाऱ्या मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळांना नमुन्यापासून अहवालापर्यंतची शिस्त कळणारी माणसे लागतात, आणि राज्य शासनाच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासारख्या, पूर्णेच्या खाऱ्या पट्ट्यातील गावांचा समावेश असलेल्या कामांतही अशा अनुभवाला किंमत येते. नागपुरात राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो आणि राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था या दोन्ही संस्था आहेत, आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ तर घराजवळच आहे. याचा अर्थ या विषयात पुढे शिकण्यासाठी तिला विदर्भ सोडावाच लागेल असे नाही. केंद्रीय भूमिजल मंडळाच्या रसायनतज्ज्ञाच्या जागांना मात्र बहुधा रसायनशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते, त्यामुळे कोणी ते स्वप्न दाखवल्यास आधी जाहिरातीतील पात्रता वाचून घ्यावी.

माझे मत विचारत असाल, तर घरावर तातडीचे कर्ज नसेल आणि वर लिहिलेल्या प्रश्नांची उत्तरे लेखी किंवा किमान साक्षीदारासमोर समाधानकारक मिळाली, तर दोन वर्षे द्यावीत. पहिल्या वर्षाच्या अखेरीस पात्रता परीक्षेचा निकाल आणि एका लेखाचा कच्चा मसुदा या दोन्हींपैकी काहीच हाती नसेल, तर दुसऱ्या वर्षाचा पुन्हा विचार करावा.

होकार कळवण्याआधी एक दिवस तिला त्या गटाबरोबर नमुने गोळा करायला पाठवावे, आणि शक्य झाल्यास आपणही सोबत जावे. जाताना आपल्या विहिरीचे पाणी न्यायला विसरू नका. ते बाटलीत कसे भरायचे, हे मात्र मुलीलाच ठरवू द्या. अहवाल आला की त्यातील सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटचे आकडे मला कळवावेत.

आपला,
करिअर मार्गदर्शक