कोकणात उतारावरच्या जागेत आलिशान, पण निसर्ग न बिघडवणारं घर कसं बांधावं?

रत्नागिरीजवळ उतारावर दीड एकर घेतलीय, बजेट सढळ आहे, समुद्राकडे पूर्ण काचेची भिंत आणि इन्फिनिटी पूल हवाय, शिवाय निसर्गालाही धक्का नको, असं तुम्ही लिहिलंय. इकडे घरं बांधणं हाच माझा धंदा, म्हणून आधी सांगतो: जेसीबी लावू नका.

उतार कापून सपाटी केली की निम्मं नुकसान तिथेच होतं. इथल्या जांभ्या दगडातून पाणी सहज मुरतं आणि त्याच्याखाली बरेचदा मऊ चिकणमाती असते. पायथा कापलात की भर पावसात ती सरकायला मोकळी. मग माती अडवणाऱ्या रिटेनिंग वॉलमध्ये पैसे ओता! त्यापेक्षा घरच टप्प्याटप्प्याने खाली उतरवा. गाडी लागते त्या वरच्या टप्प्यावर ओटी, दिवाणखाना आणि म्हाताऱ्या माणसांची खोली. बाकीच्या खोल्या खाली.

प्लॅन काढण्याआधी जुलैत जागेवर एक चक्कर मारा. मे महिन्यात कोरडी ठणठणीत दिसणारी घळ तेव्हा पऱ्या होऊन वाहत असते. ती बुजवायची नाही.

काचेबद्दल माझं मत वाईट आहे. नैऋत्येची झड थेट तिच्यावर येते आणि पाऊस सरला की पश्चिमेचं ऊन. घर आठवडाभर बंद राहिलं तर ऑगस्टमध्ये कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी धरलेली असते. खोल पडवी, चार फूट पुढे आलेली पाखी आणि समोरासमोर खिडक्या ठेवा. समुद्र पडवीतूनही दिसतो. छप्पर उतरतं, कौलारूच करा. सपाट स्लॅबवाल्यांनी नंतर चढवलेल्या पत्र्याच्या शेडी गावोगाव आहेत.

भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या घडीव ठोकळ्यांच्या; बाहेरून गिलावा नको. खाणीतून ताजा निघालेला चिरा मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. म्हणून आधीच आणून रचून ठेवा.

आता पूल. 10 बाय 4 मीटर, दीड मीटर खोल म्हटलं तरी नुसतं पाणीच 60 टन, तेही उताराच्या कडेवर. आणि एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात, तेव्हा तो टँकरने भरणार का? उलट 200 चौरस मीटर छपरावर 3000 मिलिमीटर पाऊस पडला तर 6 लाख लिटर होतात. आधी त्यातलं जमेल तेवढं साठवणारी टाकी बांधा. पूल हवाच असेल तर त्यानंतर, आणि वरच्या टप्प्यावर.