शाई आईच्या बोटाला, बटण तुमच्या

"आक्का, नमस्कार. कोल्हापुरात चप्पल लाईनला माझं दुकान, घर मंगळवार पेठेत. वय ५३. विधानसभेला जे साहेब उभं राहायची तयारी करताहेत, त्यांच्यावरनं आमच्या घरात रोज रात्री ताटावर भांडण. मला माणूस आवडतो. गाडी थांबवून नावानं हाक मारतात. वडिलांच्या रक्षाविसर्जनाला सकाळी सातला पंचगंगेवर हजर होते. विचार जुन्या वळणाचे आहेत, मान्य. नोंदणी विवाहाला आईवडिलांची सही सक्तीची करा म्हणतात, श्रावणभर मटणाची दुकानं बंद ठेवा म्हणतात, लेकी-सुनांनी कर्त्या माणसाला विचारून पाऊल टाकावं, घर एका मतानं चालावं म्हणतात. बायको शिक्षिका आहे. तिचं म्हणणं, माणूस गोड आहे म्हणूनच जास्त भीती वाटते. मुलगा २२ वर्षांचा. त्याला विचार पटतात, पण साहेब मिळमिळीत वाटतात. परवा बायको भरल्या ताटावरून उठून गेली. घरात मतं चार. माझं आणि आईचं साहेबांना पक्कं (आईला ७८ वर्षं झाली, मोतीबिंदूमुळं यंत्रावरचं दिसत नाही, मीच बरोबर जाऊन बटण दाबतो), बायकोचं विरोधात, पोराचं डळमळीत. बायकोला कसं समजवावं?"

दादा,

बायकोचं राहू द्या. तुमच्या पत्रात एक कंस आहे, तो उघडून बसूया. एका जित्या माणसाचं आख्खं मत तुम्ही त्या कंसात कोंबलंय.

रक्षाविसर्जनाला साहेब किती वाजता आले, हे तुम्हाला आठवतं. ज्यांचं रक्षाविसर्जन होतं, त्यांच्या बायकोला साहेबांबद्दल काय वाटतं, याबद्दल पत्रात अक्षर नाही. आवडत असतील कदाचित, तुमच्यापेक्षाही जास्त. किंवा सकाळी सातला घाटावर फोटोवाला घेऊन आलेला माणूस बघून त्यांच्या मनात भलतंच काही आलं असेल. मला माहीत नाही. पण तुम्हालाही माहीत नाही, आणि बटण मात्र तुम्ही दाबताय.

"घर एका मतानं चालावं" हे साहेबांचं वाक्य तुम्ही जुन्या वळणाचं म्हणून बाजूला ठेवलंत. अहो, ते तुमच्या घरात कधीच लागू झालंय. साहेब निवडून यायचीही गरज पडली नाही.

आणि वहिनींनाही माझा निरोप सांगा. ताटावरून उठून जाण्याइतका राग आहे ना, मग सासूबाईंना घेऊन नवरा मतदानाला निघाला, त्या दिवशी तो राग कुठं होता? त्यांनीही ते मत गुपचूप तुमच्या पारड्यात मोजलं. बाईनं कर्त्याला विचारून पाऊल टाकावं, या म्हणण्याविरुद्ध त्या तुमच्याशी रोज रात्री भांडतात. शेजारच्या खोलीत एक बाई बसल्यात, त्यांना विचारायचं मात्र त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

हे दुखणं जुनं आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीसाठी मतदार याद्या झाल्या, तेव्हा सुमारे २८ लाख बायकांची नावं गाळावी लागली. या बायका मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांतल्या. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच त्यांनी लिहवून दिलं, स्वतःचं नाव सांगितलंच नाही. तशी नोंद धरायची नाही, असं निवडणूक आयोगानं ठरवलं. तुमच्या आईचं नाव यादीत आहे, फोटोसकट आहे. त्या काळी मतदानाचं वय २१ होतं, म्हणजे १९७१ च्या लोकसभेपासून त्यांना मत आहे. चांगली पन्नासहून जास्त वर्षं. दिसत होतं तोवर त्या एकट्याच आत जात होत्या ना?

आता नियम ऐका, कारण तुम्ही जे करताय त्याला नियम आहे आणि तुम्ही त्यातला अर्धाच पाळताय. १९६१ च्या निवडणूक नियमांतला ४९-एन. दृष्टी नसल्यामुळं किंवा शारीरिक अडचणीमुळं यंत्रावरची चिन्हं ओळखता येत नसतील किंवा बटण दाबता येत नसेल, आणि केंद्राध्यक्षाची तशी खात्री पटली, तर मतदार सोबती घेऊन जाऊ शकतो. लिहितावाचता येत नाही एवढ्यावर सोबती मिळत नाही. सोबती १८ वर्षांपुढचा हवा. एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती होता येतं, त्यामुळं सकाळी गल्लीतल्या एखाद्या आजीला घेऊन गेलात तर दुपारी स्वतःच्या आईसाठी तुम्ही बाद. सोबत्याकडून प्रतिज्ञापत्र लिहून घेतात आणि त्याची नोंद नमुना १४-ए मध्ये होते. त्या कागदावर तुम्ही सही करून आलाय. घाईत वाचला नसेल. त्यात लिहिलेलं असतं की या मतदाराच्या वतीनं दिलेलं मत मी गुप्त ठेवीन.

आणि तुम्ही मला पत्रात लिहिताय, "आईचं साहेबांना पक्कं."

नियमातला "मतदाराच्या वतीनं" हा शब्द तेवढा धरा. त्या सांगतील ते बटण. तुम्हाला पटो न पटो. आत काय दाबलं हे तपासायची सोय नाही, चुकून किंवा मुद्दाम दुसरं दाबलं तर ते परत फिरत नाही. सोबती कोण, हेही त्याच ठरवणार. त्या सुनेचं नाव घेतील, नातवाचं घेतील, नाहीतर समोरच्या घरातल्या पोरीचं. तुम्हीच कशावरून?

पण मला तुम्हाला सोबती म्हणून सुधारायचंच नाही. त्या एकट्या आत गेल्या पाहिजेत. म्हणून एकच काम सांगते: या आठवड्यात आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन जा. सीपीआरला, म्हणजे सरकारी रुग्णालयात न्या, नाहीतर तुमच्या ओळखीच्या दवाखान्यात. निवडणूक लांब आहे, ही एक गोष्ट तरी तुमच्या बाजूची आहे.

मोतीबिंदू "पिकू दे, मग बघू" ही समजूत आपल्याकडं अजून घराघरात आहे. ती जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातली. आता भिंग फोडून बारीक छेदातून ओढून घेतात आणि तिथंच घडीचं कृत्रिम भिंग बसवतात. मोतीबिंदू जास्त पिकला की भिंग कडक होतं, छेद मोठा लागतो, डोळ्यातला दाब वाढायची भीती असते. थांबण्यात तोटाच आहे. आधी रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासतील, भिंगाचा नंबर काढायला डोळ्याचं माप घेतील, पडदा बघतील. पडदा आणि डोळ्यातला दाब बघायला लावाच, कारण नुसता मोतीबिंदू समजून बसलेल्या माणसात कधी काचबिंदूही निघतो आणि काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. शस्त्रक्रिया बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत होते, माणूस त्याच दिवशी घरी येतो. आधी एक डोळा, काही आठवड्यांनी दुसरा.

बिघडतं ते घरी आल्यावर. चार-सहा आठवडे थेंब घालायचे असतात. आठवड्याभरात स्वच्छ दिसायला लागलं की बाटली फ्रिजवर विसरली जाते. डोळा चोळला जातो. न्हाताना डोक्यावरून भसकन पाणी घेतलं जातं. दुखायला लागलं, लाल झाला, दिसायचं कमी झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. थेंबांची जबाबदारी पोराला द्या. भाषणातला दम मोजायला वेळ आहे, तर दिवसातून चार वेळा आजीच्या डोळ्यात थेंब घालायलाही असेल. चष्म्याचा नंबर महिना-दीड महिन्यानं काढतात, त्याआधी चष्मा करून पैसे घालवू नका.

घरून मतदानाची सोय आहे म्हणाल, तर ती ८५ वर्षांपुढच्यांना, किंवा ४० टक्के अथवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असणाऱ्यांना. नमुना १२-डी भरून द्यावा लागतो. आई वयात बसत नाहीत, आणि जो मोतीबिंदू काढता येतो त्याच्यावर दाखला मागत फिरण्यात अर्थ नाही.

तुमच्या भांडणाबद्दल थोडं बोलते, नाहीतर म्हणाल आक्कांनी मूळ प्रश्नाला बगल दिली. माणूस आवडणं हे काही पाप नाही. पण तुम्ही चप्पलवाले, तुम्हाला मी सांगायला नको. दुकानात करकर वाजते ती चप्पल घरी गेल्यावर कुठं चावते, ते अंगठ्याच्या पट्ट्यात बोट घालून बघावं लागतं. आमदार घाटावर येतो तो आपल्या मर्जीनं. त्याचं नेमलेलं काम मुंबई-नागपूरला, विधेयकावर हात वर करायचं. साहेबांचं हसणं तिथं कामाला येत नाही, त्यांचे विचार येतात. धार्मिक असणं, जुनं बोलणं हा त्यांचा हक्क आहे. धर्माच्या नावावर मत मागणं हे मात्र १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) प्रमाणं भ्रष्ट आचरण ठरतं, आणि २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी बहुमतानं सांगितलं की यात मतदाराचा धर्मही आला, नुसता उमेदवाराचा नाही. हे कलम पोराला वाचून दाखवा. दम हवाय म्हणतो ना.

आणि पुढच्या वेळी साहेबांनी गाडी थांबवली की चहा पाजून एवढंच विचारा: २३ वर्षांच्या मुलीनं घरच्यांच्या मर्जीविरुद्ध नोंदणी विवाहाची नोटीस दिली आणि तुमच्याकडं संरक्षण मागायला आली, तर पोलिसांना तुमचा फोन कुणाच्या बाजूनं जाईल? "बघू", "समजावू", "दोन्हीकडच्यांना बसवू" असं आलं तर ते उत्तरच आहे, लिहून ठेवा. याच गावात शाहू महाराजांनी १९१९ साली आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांना कायद्यानं मान्यता दिली होती, त्यामुळं हा प्रश्न कोल्हापुरात विचारायला लाजायचं कारण नाही. अर्ज भरले की साहेबांचं नमुना २६ चं प्रतिज्ञापत्रही बघायला मिळतं. खटले, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं त्यात असतं. ते चौघं मिळून वाचा. चौघं म्हटलं मी.

राहिली आई. त्यांना विचारायची तुमची पद्धत मला न बघता कळते. "आई, साहेबांनाच ना?" असं विचाराल आणि मान हलली की झालं. तसं नको. माघारीची मुदत संपली की उमेदवारांची अंतिम यादी लागते, यंत्रावर नावं त्याच क्रमानं येतात. ती यादी दुपारी, घर शांत असताना, पहिल्या नावापासून नोटापर्यंत सगळी वाचून दाखवा. नाव, पक्ष, चिन्ह. एकाही नावावर आवाज चढवू नका. त्या म्हणतील, "तू म्हणशील ते." नक्की म्हणतील, एवढ्या दिवसांची सवय आहे. तेव्हा "बरं" म्हणून उठू नका आणि तुमचं नावही सांगू नका. दुसऱ्या दिवशी परत वाचा. साहेबांचंच बटण दाबायचं ठरवलं त्यांनी तरी माझी काही तक्रार नाही.

एका यंत्रावर जास्तीत जास्त १६ बटणं असतात आणि बटणाच्या बाजूला ब्रेलमध्ये आकडे, पण ब्रेल आईंना या वयात कुठून येणार. त्याऐवजी हे करा. दुकानातल्या चपलांच्या खोक्याचं एक पांढरं झाकण घ्या. जाड काळ्या मार्करनं यादीच्या क्रमानं आकडे घाला, प्रत्येकासमोर चिन्ह काढा, आणि उजव्या कडेला एकाखाली एक शर्टाची निळी बटणं चिकटवा. वरून बोटानं मोजत जायचं आणि हवं तिथं थांबायचं. खऱ्या यंत्रावर बटण दाबलं की त्याच ओळीत लाल दिवा लागतो, बाजूच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या काचेमागं चिठ्ठी सात सेकंद दिसते, आणि मग लांब बीप वाजते. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याला सात सेकंद पुरतात, पण काच कुठल्या बाजूला बघायची हे आधी सांगून ठेवा, नाहीतर शोधण्यातच वेळ जातो. बीप वाजेपर्यंत तिथनं हलायचं नाही, हेही.

झाकण त्यांच्या मांडीवर द्या, दोन-तीनदा करून बघा म्हणा. आणि त्या मोजायला लागल्या की तुम्ही खोलीतनं बाहेर या.

— आक्का