घरच्या वाफ्यात लसूण लावायचाय? आधी गड्डा नीट बघा

राम राम मंडळी. दसरा झाला की दरवर्षी हाच प्रश्न येतो. या आठवड्यात तर पाच-सहा जणांनी विचारलं की घरापुरता लसूण लावायचाय, बियाणं कुठून आणू आणि किराणा दुकानातला लावला तर चालेल का. एका ताईंनी फोटो पाठवलाय, त्यांचा भाऊ मनालीहून मोठ्या पाकळ्यांचा लसूण घेऊन आला तो. कोकणातल्या एका दादांचं म्हणणं, मागच्या वर्षी नुसती पात आली, गड्डा धरलाच नाही. सगळ्यांना इथंच एकत्र सांगतो.

आधी ताईंचा लसूण. ताई, तो भाजीला वापरा, लावू नका. डोंगरातल्या थंड भागातल्या लसणाला गड्डा धरायला लांब दिवस लागतो. आपल्याकडे मार्चमध्ये दिवस जेमतेम बारा तासांचा होतो आणि तोवर ऊन तापायला लागतं, मग तो बिचारा पानंच वाढवत बसतो. हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. मी स्वतः एक वर्ष एका मोठ्या दुकानातला लिंबाएवढा टपोरा लसूण हौसेनं गच्चीवर लावला होता, कृषी खात्यातला माणूस असून, आणि मार्च संपेपर्यंत हिरवीगार पात कापत बसलो, उपटला तर खाली कांद्याच्या पातीसारखी बारीक मान. घरच्यांनी ती गोष्ट अजून सोडलेली नाही. डोंगराळ भागासाठी अ‍ॅग्रीफाउंड पार्वती नावाचं वाण आहे, पाकळी मस्त मोठी असते, पण ते तिकडचं, आपल्या पठारावरचं नाही.

आपल्याकडं चालणारी नावं लिहून ठेवा: गोदावरी, श्वेता, फुले बसवंत ही राहुरी विद्यापीठाची, भीमा ओंकार आणि भीमा पर्पल ही राजगुरुनगरच्या कांदा लसूण संशोधन संचालनालयाची, शिवाय यमुना सफेद. ओंकार पांढरा, पर्पल आणि बसवंत जांभळट. दोन वाफ्यांसाठी वाणाच्या मागे फार पळू नका पण राहुरी किंवा राजगुरुनगर जवळ असेल तर आधी फोन करून मग जा, बियाणं हंगामाच्या तोंडावर संपून जातं आणि रिकाम्या हातानं परत यावं लागतं.

आणि खरं सांगू का, घरच्या बागेला सगळ्यात सोपा मार्ग आठवडी बाजार. आपल्याच तालुक्यातला जो शेतकरी स्वतःचा लसूण पातीसकट जुड्या बांधून विकतो ना, त्याला विचारा दादा हा कुठं पिकला, कधी काढला, दरवर्षी हाच लावता का. तो जर म्हणाला की चार-पाच वर्षं घरचंच बेणं आहे, तर तो तुमच्या हवेला मुरलेला लसूण आहे, पाकळी थोडी बारीक असली तरी घ्या. चुलीवर किंवा छपराला टांगलेली माळ मिळाली तर उत्तमच, हवा खेळती असते म्हणून ती चांगली टिकते.

आता किराणा दुकानातल्याचं. चालतो, अगदीच नाही असं नाही, मध्य प्रदेशाकडून येणारा बराचसा लसूण आपल्याकडेही गड्डा धरतो. अडचण अशी की दुकानदारालाच माहीत नसतं माल कुठला. चीनचा लसूण आणायला 2014 पासून बंदी आहे तरी चोरून येतो असं अधूनमधून ऐकू येतंच, त्यामुळे फार पांढराशुभ्र, फार मोठा, बुडाच्या मुळ्या साफ खरवडून काढलेला गड्डा दिसला की मी तो बेण्याला घेत नाही. लसणाला आपल्याकडे बी धरत नाही, पाकळी हेच बेणं, म्हणजे आईला जो विषाणू, जी बुरशी, जी बारीक कोळी कीड ती पोराला आलीच, नंतर फवारून विषाणू जात नाही.

गड्डा हातात घेऊन दाबा. दगडासारखा घट्ट हवा. मऊ लागला, आत पोकळ वाटला, बुडाशी काळी-निळी भुकटी दिसली की बाजूला. एक पाकळी उभी चिरून बघा, आतला हिरवा कोंब निम्म्याच्या वर चढलेला असेल तर झोप मोडली म्हणायची, लवकर उगवेल. नुकताच काढलेला लसूण लगेच उगवत नाही, त्याला दोनेक महिने विश्रांती लागते. सोललेल्या पाकळ्यांचं पाकीट अजिबात नको, साल गेली की मातीत कुजतात. गड्डा लावायच्या आदल्या दिवशीच फोडा, आधी फोडून ठेवला की पाकळ्या सुकतात. बाहेरच्या फुगीर कुड्या लावायला, मधल्या काडीसारख्या बारीक फोडणीला.

किती घ्यायचा? एक मीटर बाय दोन मीटरचा वाफा, दोन ओळींत 15 सेंमी, दोन पाकळ्यांत 10 सेंमी, म्हणजे साधारण 130 पाकळ्या. अर्धा किलो आणला की निवडून, टाकून पुरतो. लावताना शेंडा वर, बूड खाली, दोन-तीन सेंमी खोल, बस. थोडी ट्रायकोडर्मा (कुज रोखणारी उपयोगी बुरशी) ओलसर पाकळ्यांना चोळली तर बरं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावा, चार-साडेचार महिने धरा.

कोकणातल्या दादांनी लावायचा महिना कळवला नाही, पण भात कापून, शेत मोकळं करून, सवडीनं डिसेंबर संपताना लावला असणार असा माझा अंदाज. उशीर झाला की थंडीच मिळत नाही, मग एककळी (पाकळ्या न पडलेला एकच गोळा) तरी होतो नाहीतर पातच. यंदा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात परसातल्या निचऱ्याच्या जागी लावा, शेणखत चांगलं कुजलेलं घाला आणि युरियाचा मोह टाळा. तुमच्याकडे गड्डा देशावरच्याएवढा मोठा होईलच असं मी सांगणार नाही.

हां, ती बाजूला काढलेली बारीक पाकळी आणि मनालीचा उरलेला लसूण, फेकू नका. एका कुंडीत दाटीवाटीनं खोचा, खिडकीत ठेवा, तीनेक आठवड्यांत पात कापायला येते आणि भाकरीबरोबर त्या पातीचा ठेचा करून बघा.