चोवीस हजारांचा इंटरफेस हप्त्यांवर घ्यावा का?

प्रश्न: नागपूरच्या महाल भागात राहतो, इतवारीतल्या एका दुकानात हिशेब लिहितो, पगार २८,०००. रात्री लिनक्सच्या लॅपटॉपवर आर्डोर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) आणि म्यूझस्कोअर (स्वरलिपी लिहायचं सॉफ्टवेअर) वापरून भीमगीतं, भजनं, झाडीपट्टीच्या नाटकांची गाणी यांचं संगीत संयोजन करतो. एका गाण्याचे ३,००० मिळतात. दिवाळी ते एप्रिल महिन्याला दोनेक गाणी येतात, पुढे शुकशुकाट. घरखर्च २०,०००, गाडीचा हप्ता ४,२००, बँकेत ३६,०००. कीबोर्डची पट्टी दाबली की सूर उशिरा येतो, म्हणून चार इनपुटांचा (चार माइक किंवा वाद्यं जोडता येतील असा) २४,००० चा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज लॅपटॉपमध्ये घेणारं आणि बाहेर देणारं यंत्र, १२ बिनव्याजी हप्त्यांवर घेऊ का? दुकानदाराकडे दोन इनपुटांचा ६,५०० ला आहे. एक मित्र जुना, फायरवायर नावाच्या जोडणीचा, ४,००० ला देतो म्हणतो.

उत्तर: मोठा घेऊ नका. मित्राचाही नको. ६,५०० चा घ्या, रोख घ्या, पण आज रात्री एक काम करून मगच.

सूर उशिरा येतो याचं कारण बहुतेक वेळा यंत्र नसतं, बफर असतो, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी लॅपटॉप जमवून ठेवतो तो साठा. आर्डोरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बफर १०२४ असेल, तर ४८,००० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने) एकट्या त्यातच सुमारे २१ मिलिसेकंद जातात. ढोलकीचा ठेका वाजवताना एवढा उशीर हाताला लगेच कळतो. तोच आकडा १२८ वर आणा, बफरचा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत येईल. आवाज तडतडला तर २५६ ठेवा. यासाठी एक पैसा लागत नाही. तुमच्या संयोजनातले व्हायोलिन, बासरी, तबला लॅपटॉपच्या आतच तयार होतात. इंटरफेस बदलला म्हणून ती बासरी अधिक गोड होणार नाही. इंटरफेस लागतो तो गायकाचा आवाज स्वच्छ आत घ्यायला आणि हेडफोनला नीट आवाज द्यायला. तुमच्याकडे एका वेळी एकच गायक गात असेल, तर चार इनपुटांपैकी तीन रिकामीच राहणार.

लिनक्सवाल्यांना मोठ्या यंत्रात आणखी एक खड्डा असतो. अनेक मोठ्या इंटरफेसांचं आतलं मिक्सिंग कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून चालतं आणि ते बऱ्याचदा फक्त विंडोज आणि मॅकसाठी असतं. पैसे पूर्ण मोजायचे आणि निम्म्या सोयी बंद, असं व्हायला नको. छोट्या यंत्राच्या खोक्यावर लिनक्सचं नाव नसेल तर घाबरू नका. ‘क्लास कम्प्लायंट’ लिहिलंय का, ते पाहा. असा यूएसबी इंटरफेस लिनक्स वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखतो. फायरवायरला लॅपटॉपवर तसा पोर्ट लागतो, तो आता नव्या लॅपटॉपवर दिसत नाही. म्हणजे ४,००० अधिक जुळवाजुळव.

आता हप्त्यांचं बोलू. ‘बिनव्याजी’ म्हणजे काय, ते दुकानातच कळतं. रोखीने किती घेणार, एवढंच विचारा. समजा तो २२,००० म्हणाला, तर तुम्हाला २,००० ची सूट सोडायला लावून ते १२ हप्त्यांत वसूल होतायत. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं हे धरलं, तर तो दर वर्षाला १६ टक्क्यांच्या वर जातो. वरून प्रोसेसिंग फी आणि जीएसटी.

मला त्याहून जास्त काळजी तुमच्या मे ते ऑक्टोबरची वाटते. गाणी सहा महिने, हप्ता बारा महिने. पगारातून घरखर्च आणि गाडी वजा जाता तुमच्या हातात ३,८०० उरतात. त्यातले २,००० एका खोक्याला देऊन शाळेची फी, दवाखाना कुठून काढणार? बँकेतले ३६,००० म्हणजे दोन महिन्यांचाही घरखर्च नाही. ते मी तुमच्या जागी जिवापाड जपले असते. म्हणून आत्ता फक्त ६,५०० काढा. हेडफोन पहिल्या गाण्याच्या पैशातून घ्या. त्यापुढच्या तीन गाण्यांत इंटरफेस फिटतो आणि अडीच हजार वर उरतात. २४,००० फिटायला आठ गाणी लागली असती, म्हणजे चार महिन्यांची रात्रपाळी.

खरेदीला बर्डीला (सीताबर्डीला) जाताना लॅपटॉप, तुमचा माइक आणि केबल बरोबर न्या. दुकानातच जोडा, साउंड सेटिंगमध्ये नाव दिसतं का बघा, मग दोन ओळी गाऊन रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर ऐका. आवाजाचं बटण हळूहळू फिरवा, खरखर आली तर दुसरा नग मागा. बिलावर परतीची मुदत लिहून घ्या. दुकानदार कंडेन्सर माइक गळ्यात मारायला बघेल, तो सध्या राहू द्या. एकच खोली असलेल्या घरात तो कूलर, पंखा, गल्लीतली गाडी सगळं टिपतो. साधा डायनॅमिक माइक गायकाच्या तोंडाजवळ धरला की पुरतो.

चार इनपुटांचा विचार केव्हा करायचा? एखाद्या नाटक मंडळीने ढोलकी, हार्मोनियम, गायक एकत्र रेकॉर्ड करायचं काम दिलं आणि आगाऊ रक्कम हातात ठेवली, तेव्हा. ती रक्कम यंत्राच्या निम्म्याहून अधिक असेल तर मला पुन्हा लिहा, तेव्हा हिशेब वेगळा होईल.