निकालाचा तक्ता कसा वाचावा

पहिल्यांदाच वर्गाचा निकाल हातात आला असेल, तर सरासरी बाजूला ठेवा. प्रश्नवार तक्ता उघडा आणि चुकलेल्या मुलांनी कोणता पर्याय निवडला ते बघा. खरी माहिती तिथे असते. ५२ − २७ ला बऱ्याच जणांनी ३५ वर खूण केली असेल, तर ती मुलं बहुधा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करताहेत, किंवा दशक सुटा केल्यावर तो दशकाच्या घरातून कमी करायला विसरताहेत. नुसता सराव वाढवलात तर चूकच पक्की होईल. काड्यांचे गठ्ठे द्या, दशकाचा एक गठ्ठा सोडून सुटे करायला लावा. चुका सगळ्या पर्यायांत विखुरलेल्या असतील, तर बहुधा अंदाजाने खुणा केल्यात. चार पर्यायांत अंदाजानेही साधारण २५ टक्के मिळतात, हे विसरू नका.

एखाद्या चांगल्या मुलाची सलग उत्तरं चुकली, तर उत्तरपत्रिका मागवून बघा. एक प्रश्न सोडला आणि त्याची ओळ रिकामी ठेवली नाही, की उत्तरांचे पुढचे गोल एकेक ओळ सरकतात.

२० मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे उत्तीर्णांच्या प्रमाणात ५ टक्के, तेव्हा तेवढ्या घसरणीने घाबरू नका. आणि पालकांना आधीच सांगा: ६० पर्सेंटाईल म्हणजे ६० टक्के गुण नव्हेत, तर साधारण ६० टक्के मुलांपेक्षा पुढे; नाहीतर मुलाला घरी विनाकारण बोलणी बसतात.