शेजारचा माणूस बायकोला मारतो, मी मध्ये पडू का?

तुम्ही विचारलंय की भिंतीपलीकडून आठवड्यातून दोन-तीनदा मारहाणीचा आवाज येतो, ती बाई स्वतः काही बोलत नाही, मग बाहेरच्या माणसाने तक्रार केली तर चालते का आणि ती आपल्याच अंगाशी येते का.

चालते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम 4 तुमच्यासारख्यांसाठीच आहे. हिंसा झाली, होतेय किंवा होईल असं वाटायला कारण असेल तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवू शकतं. चांगल्या हेतूने कळवलं असेल तर कळवणाऱ्यावर ना दिवाणी दावा होतो, ना फौजदारी. मार चालू असेल तर त्याच मिनिटाला 112 लावा. एरवी बायकांसाठीची हेल्पलाइन 181 आहेच. पण तुमचं ते ‘मध्ये पडू का’ वाचलं आणि मला राहवलं नाही, म्हणून पुढचं लिहिते.

आमचं घर सोलापुरात, पूर्व भागात. गल्लीत निम्म्याहून जास्त घरं तेलुगू, काही कानडी, आमच्यासारखी मराठी दोन-तीनच. दिवसभर मागांचा खटखटाट. लाईट गेली की माग थांबायचे, आणि मग पलीकडच्या घरातलं सगळं ऐकू यायचं. सगळ्यांनाच यायचं.

त्या घरातली बाई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण अख्खी गल्ली तिला अक्का म्हणायची. दिवसाला हजार बिड्या वळायची. पहाटे पानं भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, मग मांडीवर सूप घेऊन बसली की तिच्या बोटांकडे बघत राहावंसं वाटायचं. पान कापलं, चिमूट तंबाखू, एक वळसा, दोरा, नखाने तोंड बंद. बोलता बोलता पंचवीसचा कट्टा बांधून व्हायचा. आठवड्याचे पैसे आले की नवरा हिसकावून घ्यायचा, नाही दिले तर मारायचा.

2012 साली, गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती, तेव्हा तिच्या तोंडाला इतकं लागलं की गल्लीला लपवता येईना. माझे मोठे दीर गल्लीतले मानाचे. त्यांनी आमच्याच पुढच्या खोलीत बैठक बोलावली. सतरा पुरुष. तिची आई सोडली तर बायका आम्ही दोघीच, अक्का आणि मी, आणि दोघी आत स्टोव्हपाशी. होय, स्वतःच्या बैठकीचा चहा अक्कानेच केला, ओठ सुजलेला असताना. तिची आई उंबऱ्यात बसून एकच म्हणत होती, ‘ओपिक पट्टु’, धीर धर. शंभराच्या बाँडवर नवऱ्याकडून लिहून घेतलं की यापुढे हात उचलणार नाही. त्याच्या खाली अक्काकडूनही लिहून घेतलं की मी उलट उत्तर देणार नाही. साक्षीदार म्हणून माझ्या दिरांची सही आणि माझ्या मिस्टरांची. तुला काय पाहिजे, हे तिला सतरा जणांपैकी एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

अकरा महिन्यांनी त्याने तिचं उजवं मनगट मोडलं.

दवाखान्यात मी बरोबर होते. डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? तो शेजारीच उभा. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, पायरीवरून घसरले. केसपेपरवर तसंच लिहिलं गेलं. मी गप्प बसले. त्या माणसाला बाहेर पाठवा, एवढं जरी मी म्हटलं असतं तरी पुरे होतं. हे मी आज तेरा वर्षं उगाळतेय.

प्लास्टर निघाल्यावर तिच्या हाताने दिवसाला तीनशेच बिड्या व्हायच्या, त्यातल्याही कारखान्यात ढिल्या म्हणून बाजूला काढायचे. पैसे कमी आले म्हणून पुन्हा मार. हात मोडणारा तोच, आणि हात चालत नाही म्हणून मारणाराही तोच.

मग जे झालं ते कुठल्या मानकऱ्याने नाही केलं. समोरची एक म्हातारी, तीही बिडीवाली, एका संध्याकाळी आपलं सूप उचलून अक्काच्या दारात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी. चौथ्या दिवशी मी माझं हातशिलाईचं काम घेऊन गेले. त्याची पाळी सुटायची सातला, आम्ही पावणेसातला बसायचो, दहापर्यंत. त्याला एक शब्द बोलायचो नाही. शिव्या दिल्या तरी माना खाली, हात चालू. आम्ही बसलो असताना त्याचा हात उचलला गेला नाही. असे दोन महिने गेले. त्या बसण्यातच अक्का एक दिवस आपणहून म्हणाली, वहिनी, मला अर्ज करायचाय.

विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळाला. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं (15100 वर फोन करून विचारता येतं). संरक्षण अधिकाऱ्यांनी घटनेचा अहवाल केला, मॅजिस्ट्रेटकडे अर्ज गेला. कायदा म्हणतो पहिल्या तारखेपासून 60 दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा. आम्हाला अडीच वर्षं लागली. आणि समोरच्या वकिलाने कोर्टात काय काढलं? दोन कागद. एक तो केसपेपर, पायरीवरून घसरल्याचा. दुसरा आमचा बाँड. ‘बाई उलट उत्तरं देते हे तिनेच लिहून दिलंय.’ खाली माझ्या नवऱ्याची सही.

केस वाचली ती सुपं घेऊन बसणाऱ्या बायकांच्या साक्षींमुळे. संरक्षणाचा आदेश मिळाला. कारखान्याच्या वहीत हजाराच्या जागी तीनशे बिड्या लिहिलेल्या होत्या, त्यावरून बुडालेल्या कमाईचे पैसे मिळाले, दवाखान्याचा खर्चही. घर मात्र सासऱ्याच्या नावावर. तेव्हा सुप्रीम कोर्टाचा जुना निकाल आडवा यायचा, म्हणून तिला भाड्याच्या खोलीवर भागवावं लागलं. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये तो निकाल बदलला. आता घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी, ती तिथे नांदत असेल तर राहण्याचा हक्क मागता येतो. तुमच्या शेजारणीला कुणी ‘घर तुझ्या नवऱ्याचं नाहीच’ म्हणत असेल तर हे तिच्या कानावर घाला.

नंतर एकदा तो खोलीवर येऊन दार बडवू लागला. तिने पोलिसांना आदेशाची झेरॉक्स दाखवली. तो आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. परत आला नाही. आणि दिरांचा बाँड मोडल्यावर काय झालं होतं? सगळे म्हणाले, पुन्हा एक बैठक घेऊ.

भाऊजी आजही चारचौघांत म्हणतात, कोर्टकचेरीने घर मोडतं, आम्ही जोडायला बघत होतो. भाऊजी, तुम्ही वाचत असाल तर वाचा. ज्या बैठकीत मार खाणारी आत चहा करते, ती बैठक मारणाऱ्याची. अक्काच्या मुलीची नर्सिंगची पहिली फी तुम्ही भरलीत, ते मी नाकारत नाही. पण त्या फीने तो कागद पुसला जात नाही.

आता तुमच्यासाठी, जे आधीच सांगायला हवं होतं. तो प्यायलेला असताना एकट्याने आत शिरू नका. जिवावर बेतलेलं नसेल तर तिला न विचारता अर्ज-बिर्ज करू नका, त्याचा राग तिच्यावर निघतो. आधी तो घरी नसताना तिला गाठा. तिचं आधार, रेशनकार्ड, मुलांचे दाखले यांच्या झेरॉक्स तुमच्या कपाटात ठेवायला मागा. दवाखान्यात जायची वेळ आली तर बरोबर जा आणि त्याला खोलीबाहेर काढायला लावा. ती परत त्याच्याकडे गेली तर रागावू नका, अक्का तीनदा गेली होती. सरकारी समुपदेशनाला मी गल्लीच्या बैठकीत मोजत नाही. पण तिला एकटीला बसवून विचारतात का, तेवढं बघा.

आणि आज रात्री आवाज आला तर 112 लावा, शेजारच्या आणखी दोघांना उठवा आणि तिघं मिळून बेल वाजवा. विरजण मागा, मेणबत्ती मागा, काहीही मागा. ती स्वतः दारात येऊन उभी राहीपर्यंत तिथून हलू नका.